परभणीतला भ

तागाच्या पोत्यावर 'परभणी' हा शब्द उमटवायचा आहे. पत्र्यात अक्षरे कोरायची, पत्रा पोत्यावर घट्ट धरायचा आणि वरून शाईचा कुंचला फिरवायचा. पत्रा उचलला की शब्द तयार. काम सोपे वाटते, पण ते पहिल्याच अक्षराशी अडते. प चे पोट चारही बाजूंनी बंद आहे. वर शिरोरेषा, डावीकडे आणि खाली वळण, उजवीकडे काना. अक्षर कोरून झाले की पोटातला पत्र्याचा तुकडा सुटून खाली पडतो आणि प च्या जागी नुसता डाग उमटतो. तो तुकडा जागेवर राहावा म्हणून पत्र्याची एक अरुंद पट्टी न कोरता सोडावी लागते. तिला आपण पूल म्हणू. पूल कुठे ठेवायचा, यावर स्टेन्सिल अक्षराचे सगळे भवितव्य ठरते. तो शिरोरेषेत ठेवला, तर पुढे भ पाशी नवी अडचण उभी राहते. भ ची ओळखच शिरोरेषेतल्या मोकळ्या जागेवर आहे. सगळीच अक्षरे वरून तुटकी दिसू लागली की त्या मोकळ्या जागेला अर्थ उरत नाही आणि परभणीची 'परमणी' होते. माझे म्हणणे असे आहे, की देवनागरीला तिच्या स्वतःच्या लेखनरीतीतून घडलेले ठळक स्टेन्सिल अक्षर हवे, ते सर्वांना विनामूल्य मिळायला हवे, आणि त्याची पहिली कसोटी परभणीसारख्या कापूस-धान्याच्या जिल्ह्यातच लागायला हवी.

हा प्रश्न फक्त अक्षरांच्या हौशी अभ्यासकांचा नाही. परभणी हा काळ्या मातीचा, कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारीचा जिल्हा. इथला माल हलतो तो पोत्यांतून आणि गाठींतून, आणि प्रत्येक पोत्याला, प्रत्येक गाठीला खूण लागते. सरकी काढलेली रुई दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२५ साली झालेल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि कारखान्याची खूण घालणे बंधनकारक केले. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. पण खुणेशिवाय गाठ ओळखता येत नाही, ही व्यापाराची गरज संस्थानाच्या सीमेपाशी थांबणारी नव्हती. आजही गाठीवर, बारदानावर, गोदामाच्या दारावर, विजेच्या खांबावर आणि पाण्याच्या टाकीवर तीच गरज आहे: थोडी अक्षरे, थोडे आकडे, लांबून दिसतील असे, शेकडो वेळा जसेच्या तसे. पण या खुणा बहुतांशी रोमन लिपीत असतात. गाठ उचलणारा हमाल, वजन करणारा मापाडी आणि माल आणणारा शेतकरी मराठी वाचणारे असतात, तरीही. रोमन अक्षरांचा तयार छापा कुठेही मिळतो आणि देवनागरीचा मिळत नाही, हे त्याचे एक मोठे आणि अगदी साधे कारण आहे. लिपीची निवड पुष्कळदा धोरणाने होत नाही. हाताशी कोणते अवजार आहे त्यावर होते.

रोमन लिपीकडे हे अवजार आले ते तिच्या घडणीमुळे आणि दीर्घ सरावामुळे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८१ साली पॅरिसमध्ये विकत घेतलेला कोरीव अक्षरपत्र्यांचा संच फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत अजून जपलेला आहे. पुढे १९२० च्या दशकात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत योझेफ आल्बर्स यांनी चौकोन, त्रिकोण आणि पाव वर्तुळ एवढ्याच आकारांतून स्टेन्सिल अक्षरे रचली. १९३७ साली अमेरिकेत महिन्याभराच्या अंतराने 'स्टेन्सिल' याच नावाचे दोन टाइप निघाले. एक रॉबर्ट हंटर मिडलटन यांचा लडलो कंपनीसाठी, दुसरा गेरी पॉवेल यांचा अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी. खोक्यांवर आणि पिंपांवर दिसणारे जाड, तुटक अक्षर त्यांनी छापखान्यात आणले. त्यांचे काम तुलनेने सोपे होते. रोमन मोठ्या अक्षरांत बंद पोट असते ते ए, बी, डी, ओ, पी, क्यू आणि आर या सातांनाच. शिवाय ही अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी राहतात. या टाइपांतून शिकण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती मोलाची आहे: अक्षराची रेघ जिथे बारीक होते, तिथे पूल ठेवला की डोळ्याला खटकत नाही. मात्र रोमनचे पूल उचलून देवनागरीवर ठेवता येत नाहीत. आपल्याकडे शिरोरेषा वरून झाकण घालते, आणि प, म, य, स, ष, ण अशी कितीतरी अक्षरे त्या झाकणामुळेच बंद होतात.

मग झाकणच तोडावे, असे सहज सुचते, आणि घाईने केलेल्या छाप्यांत बहुधा तेच होते. पण देवनागरीत शिरोरेषेतली मोकळी जागा रिकामी नसते, ती बोलते. म आणि भ, घ आणि ध, य आणि थ या तीन जोड्या पाहा. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या अक्षराला डाव्या टोकाशी छोटे वळण आहे आणि त्या वळणावर शिरोरेषा थांबलेली आहे. बारीक छपाईत वळण स्पष्ट दिसते; जाड अक्षरात, त्यातही शाई फुटलेल्या तागावर, वळण पुसट होते आणि ओळख उरते ती मोकळ्या जागेची. तिथे चुकीचा पूल पडला, तर 'घन' चे 'धन' होते, 'मात' चा 'भात' होतो. परभणी जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावेच याची साक्ष देतील. थ वरची मोकळी जागा शाईने भरली, तर पाथरीची 'पायरी' होते. म वर नको तिथे खंड पडला, तर मानवतचे 'भानवत' आणि पालमचे 'पालभ' होते. सोनपेठच्या शेवटच्या ठ मध्ये उजव्या बाजूला पूल ठेवला, तर तो ट होऊन बसतो, कारण ट आणि ठ यांत फरक एवढाच, की ट उजवीकडे उघडा आहे. ज्या वस्तूवर हे अक्षर उमटायचे त्या 'गाठ' या शब्दातही हाच ठ आहे. आणि गंगाखेडमधला ख मधोमध कापला, की 'गंगारवेड' वाचले जाते. ख आणि रव यांचा गोंधळ टाळण्यासाठी लिपीसुधारकांनी ख चे दोन भाग खालून जोडून घेतले. स्टेन्सिल कोरणाऱ्याने तोच जोड तोडू नये.

मग पूल कुठे असावा? याचे उत्तर बाहेरून आणावे लागत नाही. मुलाला प गिरवायला शिकवतात तेव्हा आधी डावीकडचे वळण, मग हात उचलून काना, आणि शेवटी शिरोरेषा. हात उचलला जातो ती जागा म्हणजे अक्षराचा नैसर्गिक सांधा. बोरूने लिहिलेल्या अक्षरात वळण कान्याला भेटते ती रेघही बहुधा बारीक असते, म्हणजे १९३७ च्या टाइपांनी घालून दिलेला धडाही इथे लागू पडतो. याहून भक्कम पुरावा आपल्या जोडाक्षरांत आहे. 'प्याला' मधला प, 'म्हैस' मधला म, 'व्यापार' मधला व हे सगळे कान्याशिवाय उभे आहेत आणि वाचताना कोणीही अडखळत नाही. म्हणजे काना वेगळा झाला तरी अक्षर अक्षरच राहते, ही गोष्ट लिपीच्या व्याकरणाने आधीच मान्य केली आहे. म्हणून नियम असा असावा: कान्याची अक्षरे वळण आणि काना यांच्या सांध्यावर कापावीत, शिरोरेषा कापायची तर ती दोन अक्षरांच्या मध्ये कापावी, अक्षराच्या डोक्यावर नाही, आणि भ, ध, थ यांच्यावरची मोकळी जागा कोणत्याही पुलापेक्षा स्पष्टपणे रुंद ठेवावी. कान्याशिवायच्या अक्षरांचा विचार एकेक करून करावा लागेल. ठ चे पूल वर आणि खाली ठेवावेत, उजवीकडे कधीच नाही. ळ ला दोन बंद पोटे आहेत आणि मराठीत डाळ, तीळ, केळी, गूळ हे बाजारातले रोजचे शब्द त्याच्यावर संपतात किंवा वळतात. त्यामुळे ळ कडे दुर्लक्ष करून बनवलेले देवनागरी स्टेन्सिल मराठीच्या कामाचे नाही. क आणि फ यांत काना मध्ये असतो, तिथे दोन्ही बाजूंचा तोल सांभाळावा लागेल. ल आणि श ची मराठी वळणे कोणती, हे राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात सांगितलेले आहे. छाप्यात तीच हवीत.

अक्षर ठळक का हवे, याचेही कारण पोत्याच्या कापडात आहे, सजावटीत नाही. तागाची वीण उघडी असते, शाई धाग्याधाग्याने पसरते. बारीक रेघ अशा कापडावर हरवते आणि बारीक पूल शाईखाली बुडतो. म्हणून रेघ जाड हवी आणि तिच्या मानाने पूलही रुंद हवा. पण रेघ जाड केली की पोट लहान होते. ब मधली तिरकी रेघ आणि तिच्या बाजूच्या दोन फटी मिळून एकच गठ्ठा होतो आणि 'बी' ची 'वी' होते. बियाण्याच्या पोत्यावर ही चूक परवडणारी नाही. अतिजाड देवनागरीत पोकळी कशी सांभाळायची, यावर महाराष्ट्रात उत्तम काम झालेले आहे. 'एक टाइप' या मुंबईच्या गटातील सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा 'मोदक' हा टंक त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यात अक्षर इतके फुगलेले आहे, की पोटाच्या जागी केवळ चिरा उरतात, तरी प्रत्येक अक्षर ओळखू येते. स्टेन्सिलला याच्या उलट बाजूने जायचे आहे: चिरा रुंद करायच्या आणि त्यांनाच ओळखीची खूण बनवायचे. आकड्यांवरही तेवढेच कष्ट हवेत. ० पूर्ण बंद आहे, ४ च्या तळाशी बंद पोकळी आहे, आणि पोत्यावर तर नावापेक्षा आकडाच आधी वाचला जातो. आणखी एक साधी, कारागिराची बाब: लांब शब्दाची शिरोरेषा एकसलग कोरली, तर पत्रा त्या फटीपाशी वाकतो आणि शाई आत शिरते. दोन अक्षरांमधला खंड त्यामुळे वाचकाला आणि पत्र्याला दोघांनाही उपयोगी आहे.

यावर पहिला आक्षेप मनापासून घेतला जाईल आणि त्याला मनापासूनच उत्तर द्यायला हवे. शिरोरेषा ही देवनागरीची शोभा आहे, ती अक्षरांना एका दोरीत ओवते. ती तोडणे म्हणजे लिपी विद्रूप करणे, असे अनेकांना वाटेल. मात्र अखंड शिरोरेषा हा आदर्श आहे, इतिहास तसा नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची देवनागरी देखणेपणासाठी नावाजली गेली. पण तिथेही प्रत्येक खिळा आपल्यापुरता शिरोरेषेचा तुकडा घेऊन येत असे आणि खिळे झिजले की सांधे दिसत. मोडी लिहिणारा कारकून आधी पूर्ण ओळभर रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिही. म्हणजे रेघ शब्दाची नव्हतीच, ओळीची होती. शेजारच्या गुजरातीने शिरोरेषा पूर्ण सोडली आणि तिचे काहीही बिघडले नाही. आपण ती सोडावी, असे मी म्हणत नाही. उलट, मराठी वाचक शब्द ओळखतो तो बराचसा या रेघेच्या आधाराने, म्हणून ती राहिलीच पाहिजे. ती कुठे थांबते हे नियमाने ठरले, तर शोभा कमी होण्याऐवजी अक्षरांना एक नवी लय मिळेल. लिपी विद्रूप होते ती नियमाशिवाय, पत्रा कापणाऱ्याच्या सोयीने कुठेही तोडल्यामुळे.

दुसरा आक्षेप काळाचा. गाठीवर आता क्यूआर कोड येतो, पिशव्या छापूनच येतात, मग पत्रा आणि कुंचला हे जुने प्रकरण उकरून काढण्यात काय अर्थ? क्यूआर कोड सूतगिरणीला गाठीची कुळकथा सांगतो आणि ते उपयोगाचेच आहे. पण तो वाचायला यंत्र लागते, आणि गोदामाच्या अर्ध्या उजेडात ओझे उचलणाऱ्या माणसाला तो दहा हातांवरून काहीच सांगत नाही. शिवाय स्टेन्सिलची खरी गरज छापून न येणाऱ्या वस्तूंना आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची लांबी २०८ किलोमीटर आहे आणि तो परभणी जिल्ह्यापर्यंत पाणी आणतो. त्याच्या दारांवर आणि वितरिकांवर क्रमांक हवेत. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या पुलांवर पाण्याच्या पातळीच्या खुणा हव्यात. शाळेच्या टाकीवर 'पिण्याचे पाणी', फवारणीच्या पिंपावर 'विष', रोहित्रावर 'धोका' हे शब्द हवेत. 'धोका' मधल्या ध वरची मोकळी जागा भरली आणि त्याचा घ झाला, तर तो अक्षरकलेचा दोष राहत नाही, तो सुरक्षेचा दोष होतो. आणि आज छापा केवळ हाताने कोरायचा नसतो. नीट बनवलेला टंक हाती असेल तर लेझरने कापून देणारे यंत्र काही मिनिटांत पत्रा तयार करते. नव्या यंत्राने स्टेन्सिलची गरज संपवली नाही, तिची निर्मिती सोपी केली आहे.

तिसरा आक्षेप व्यापाराचा. परभणीची गाठ तमिळनाडूच्या सूतगिरणीत जाऊ शकते, तिथे देवनागरी कोण वाचणार? हे खरे आहे, आणि म्हणून परप्रांती जाणाऱ्या मालावरची रोमन खूण काढावी, असा आग्रह चुकीचा ठरेल. मागणी आहे ती शेजारी मराठी उमटावी, आणि जो माल आणि ज्या वस्तू इथेच राहतात त्यांच्यावर मराठी आधी उमटावी, एवढीच. दुकानांच्या पाट्यांबाबत राज्याने २०२२ साली कायदा बदलून मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, असे सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. हा निर्णय योग्यच होता. पण कायदा अक्षराची उंची मोजू शकतो, त्याची वाचनीयता मोजू शकत नाही. मोठे पण बिघडलेले अक्षर लावून नियम पाळला जातो आणि भाषा तशीच उपेक्षित राहते. सक्तीच्या सोबत अवजार दिले नाही, तर सक्ती अर्धवटच फळते.

पाटी रंगवणाऱ्या कलावंतांच्या पोटावर यामुळे पाय येईल, अशी शंकाही रास्त आहे. म्हणून या अक्षराच्या मर्यादा सांगणे गरजेचे आहे. स्टेन्सिल हे एका शब्दाचे, एका आकड्याचे, पुन्हापुन्हा उमटणाऱ्या खुणेचे अक्षर आहे. परिच्छेद त्यात वाचवत नाही. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, नाटकाचे शीर्षक ही कामे त्याची नाहीत. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना जे व्यक्तित्व दिले, ते हाताने काढलेल्या अक्षराचेच सामर्थ्य होते आणि कोणताही छापा ते देऊ शकणार नाही. उलट, छाप्याचा आराखडा तपासायला, पूल कुठे जड होतो आणि कुठे हलका हे सांगायला, ज्याने आयुष्यभर कुंचला धरला आहे असाच माणूस हवा. त्याला या कामात मानधनासह स्थान मिळाले, तर ज्ञान टिकेल आणि रोजगारही.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. राज्य मराठी विकास संस्था मुंबईत १९९२ पासून उभी आहे आणि तिने 'यशोमुद्रा', 'यशोवेणू' हे युनिकोड टंक विनामूल्य उपलब्ध करून दिलेले आहेत. 'मोदक', 'मुक्ता' यांसारखे मुक्त परवान्याचे टंक कोणीही उतरवून घेऊ शकतो. याच वाटेने एक ठळक स्टेन्सिल टंक करून घ्यावा आणि त्यासोबत कापण्यासाठी तयार आराखडे द्यावेत: आकडे, वजनाचे शब्द, पिकांची नावे, धोक्याच्या सूचना. पहिला वापर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने करावा. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाने 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' असे ज्वारीचे वाण दिले, म्हणजे जिल्ह्याचे नाव बियाण्याच्या पोत्यावर त्यानेच नेले. बाजार समित्यांनी आपल्या गोदामांपासून सुरुवात करावी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती आणि साक्षरता सुमारे ७३ टक्के. म्हणजे जो वाचक आपल्यासमोर आहे, त्यात अडखळत वाचणारे पुष्कळ आहेत. सराईत वाचक तुटके अक्षर अंदाजाने जोडून घेतो. अडखळत वाचणाऱ्याला प्रत्येक अक्षर स्वतःच्या बळावर ओळखू यावे लागते. अक्षर घडवायचे ते याच वाचकाला समोर ठेवून.

कसोटीसाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढावी लागणार नाही. जिल्ह्याचे नऊ तालुके कागदावर लिहा: परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, पालम, जिंतूर. प, म, ण यांची बंद पोटे, भ आणि थ वरची मोकळी जागा, ख चा जोड, ठ चे वर्तुळ, अनुस्वार, रफार, वेलांट्या, मात्रा, दीर्घ उकार हे सगळे त्यात आले. ही नावे नव्या छाप्याने तागाच्या पोत्यावर उमटवावीत, पोते भिंतीला टेकवून दहा पावले मागे जावे आणि बाजारातल्या हमालांना, मापाड्यांना, शेतकऱ्यांना ती वाचायला सांगावीत. ज्या दिवशी एकही जण पाथरीला पायरी आणि परभणीला परमणी म्हणणार नाही, त्या दिवशी छापा पास झाला असे समजावे. तोवर पूल हलवत राहावेत.